बाय-वायरिंगची केबल: खर्च सार्थकी लागतो का?
म्हापशातील आमच्या घरी नाट्यसंगीतासाठी ठेवलेल्या स्पीकरना बाय-वायरिंगची (अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरच्या खर्ज आणि तार भागांना वेगवेगळ्या तारा नेणारी) महागडी केबल जोडून पाहिली, परंतु तबल्याच्या चाटेत किंवा ऑर्गनच्या सुरांत तसूभरही फरक जाणवला नाही. ५ मीटर लांबीच्या, २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या केबलचा जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.०७ ओहम असतो आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्यच ठरतो. एकाच रिसीव्हरवरून, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या यंत्रावरून, दोन्ही भागांना वेगळे अ‍ॅम्प्लिफायर देऊन केलेल्या बाय-अ‍ॅम्पिंगमध्येही वीजपुरवठा सामाईकच राहतो. स्पीकरमधील क्रॉसओव्हर (आवाज खर्ज आणि तार भागांत विभागणारे सर्किट) वगळून अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच ही विभागणी करणारा अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर बसवला, तरच खरा लाभ संभवतो. साध्या केबलसाठी स्पीकरच्या दोन्ही भागांची टर्मिनल एकमेकांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्यांवर मात्र इथल्या खाऱ्या, दमट हवेने हिरवट थर चढला होता, आणि त्या घासून पुन्हा घट्ट आवळताच उजव्या स्पीकरची खरखर थांबली. ही केबल घेण्याची शिफारस मी करणार नाही.