प्रोस्टेट बायोप्सी: गुदमार्गाने करावी की शिवणीतून?

बायोप्सी, म्हणजे कर्करोग आहे का ते पाहायला प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने बारीक तुकडे काढणं, ठरली की तयारीच्या सूचनांचा कागद हातात पडतो. त्या सूचना ज्यावरून ठरतात ती गोष्ट मात्र बरेचदा विचारायची राहून जाते: सुई कुठून जाणार? गुदमार्गातून, की अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून, म्हणजे शिवणीतून? सोनोग्राफीचा बोटाएवढा जाड प्रोब दोन्ही प्रकारांत गुदद्वारातूनच आत जातो. त्यामुळे शिवणीतून केली तर ‘तिकडचं’ टळेल, ही आशा आधीच सोडावी. फरक आहे तो सुईच्या वाटेचा.

सुई बहुतेक ठिकाणी तीच, १८ गेजची, स्प्रिंगच्या गनमध्ये बसवलेली. कळ दाबली की स्टेपलरसारखा खटका होतो आणि दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्याएवढा बारीक तुकडा सुईच्या खाचेत येतो. साधारण १० ते १२ नमुने घेतात. एमआरआयमध्ये संशयाची जागा दिसली असेल तर तिथले दोन-चार जास्तीचे. पुष्कळ जण सुईपेक्षा त्या खटक्याने दचकतात. सुरू करण्याआधी गन एकदा हवेत वाजवून दाखवायला सांगावं, बराच फरक पडतो.

संसर्ग: निवड बहुधा इथेच ठरते

गुदमार्गाने जाताना सुई दर नमुन्याला मलाशयाची भिंत भेदते आणि तिथले जंतू प्रोस्टेटमध्ये, क्वचित रक्तात ढकलते. म्हणून इथे अँटिबायोटिक टाळता येत नाही. अडचण अशी की सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे ई. कोलाय जंतू आता सर्रास आढळतात. त्यावर उपाय दोन: आधी गुदद्वारातून स्वॅब घेऊन कोणतं औषध चालेल ते पाहणं, आणि सुई घालण्यापूर्वी मलाशय पोव्हिडोन-आयोडीनने पुसणं. नुसत्या एनिमाने पोट साफ होतं, जंतू जात नाहीत.

शिवणीची कातडी नीट निर्जंतुक करता येते आणि सुई मलाशयाला शिवतही नाही. म्हणून अनेक केंद्रांत एकच डोस देतात, किंवा काहीच देत नाहीत. अमेरिकेतल्या ‘प्रिव्हेंट’ चाचणीत (२०२४) शिवणीतून, अँटिबायोटिकशिवाय बायोप्सी झालेल्यांपैकी एकालाही संसर्ग झाला नाही. गुदमार्गाने, स्वॅब पाहून औषध दिलेल्यांत तो १.४ टक्के होता. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक काठावरच राहिला. तरीही युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजी शिवणीच्या मार्गाला पसंती देते, ती याच कारणासाठी.

मधुमेह असेल, गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल, रुग्णालयात राहावं लागलं असेल किंवा आधीच्या बायोप्सीनंतर ताप आला असेल, तर शिवणीचा मार्ग मागून घ्यावा. यांपैकी काहीच नसेल आणि जवळचे तज्ज्ञ गुदमार्गाच्या पद्धतीत मुरलेले असतील, तर तीही पद्धत वाईट नाही.

भूल आणि दुखणं

गुदमार्गाने करताना प्रोस्टेटलगतच्या नसांभोवती लिग्नोकेन टोचतात. सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटपतं. शिवणीत आधी कातडीत आणि मग खोलवर भूल द्यावी लागते. ती पहिली टोचणी चरचरते, वेळही थोडा जास्त जातो. त्या दिवशी दुखणं किंचित अधिक असतं, आठवड्याने फरक उरत नाही. काही ठिकाणी कमरेत किंवा पूर्ण भूल देऊनच शिवणीतून करतात. तसं असेल तर सहा तास उपाशी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि घरी न्यायला सोबत कुणीतरी हवंच. जागेपुरत्या भुलीला हलकं खाल्लेलं चालतं.

गाठ प्रोस्टेटच्या पुढच्या भागात असेल तर शिवणीतून तिथे पोचणं सोपं जातं, कारण गुदमार्गाची सुई मागून येते.

दोन्हीकडे लागणारी तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच बोलून ठेवावं. कमी मात्रेची ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आणि वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवायला सांगतात, पण ते हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच. अलीकडे स्टेंट बसवला असेल तर आपल्या मनाने गोळी बंद करणं बायोप्सीपेक्षा कितीतरी धोक्याचं. लघवीत संसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा, तोवर तारीख पुढे ढकलायची. एमआरआय आधीच उरकावा. नंतर केला तर साचलेल्या रक्तामुळे चित्र अनेक आठवडे गढूळ दिसतं.

नंतरचे दिवस

लघवीत काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत लालसर छटा राहते. शौचावाटे रक्त मुख्यतः गुदमार्गाच्या पद्धतीत, तेही दोन-चार दिवस. वीर्य आधी लाल, मग गंजाच्या रंगाचं होतं आणि चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त तसंच राहतं. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो. शिवणीनंतर तिथे आणि अंडकोषाच्या पिशवीवर जांभळा-काळा डाग उतरतो. आठवडा-दीड आठवडा सायकल बंद. जड उचलणं दोन-तीन दिवस टाळावं, पाणी भरपूर प्यावं आणि कुंथायची वेळ येऊ देऊ नये.

लघवी अडकण्याचा धोका मोठ्या प्रोस्टेटला आणि जास्त नमुने घेतल्यास वाढतो. धार आधीपासून बारीक असेल तर तसं सांगून ठेवावं. पोट तुंबून लघवी होत नसेल, किंवा मोठ्या गुठळ्या पडत असतील, तर कॅथेटरसाठी (लघवी काढायच्या नळीसाठी) लगेच रुग्णालयात जावं.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर गेला किंवा हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी निघावं आणि तिथे पहिलं वाक्य ‘प्रोस्टेटची बायोप्सी झाली आहे’ हे सांगावं, कोणत्या मार्गाने आणि कोणतं अँटिबायोटिक दिलं होतं त्यासकट. रक्तातला संसर्ग काही तासांत बळावतो.

अहवाल साधारण एक-दोन आठवड्यांत येतो. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) मात्र सहा आठवडे तरी पुन्हा करू नये. सुयांनी दुखावलेल्या ग्रंथीमुळे तो आकडा चढलेलाच येतो.