झूमवर हुंकार ऐकू येतो का?

पोवाड्यात मागून झीलकऱ्यांचं "जी जी रं जी" आलं नाही तर शाहीर पुढची ओळ उचलणार कशाच्या जोरावर? घरगुती गप्पांचंही तसंच आहे. समोरचा "हं", "हो ना", "मग?" करतो, मान डोलावतो, म्हणून आपण बोलत राहतो. म्हणून झूमचं चित्र किती स्वच्छ, यापेक्षा हा हुंकार पलीकडे पोचतो का, हे आधी पाहावं. सेटिंगला हात न लावता वापरलं तर तो अर्धामुर्धाच पोचतो.

दोघं एकाच वेळी बोलली की प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा एकाचा आवाज दाबते. "हं" बिचारा बारीक, तो आधी जातो. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे जास्त होतं. इअरफोन लावले की प्रतिध्वनीच उरत नाही आणि कात्री थांबते. वायरचे साधे इअरफोन उत्तम. ब्लूटूथचे बरेचसे इअरफोन माइक सुरू होताच आवाजाचा दर्जा खाली आणतात आणि बोलण्यातले चढउतार सपाट होतात.

सपाट सूर मराठीत महागात पडतो. "बरं" वर चढवलं तर प्रश्न, तुटक म्हटलं तर राग, लांबवलं तर "बघू कधीतरी". "हो का" हे कौतुक की टोमणा, ते सूरच सांगतो. त्याहून मोठी गोची म्हणजे आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि नेमका तिथेच आवाज उतरलेला असतो. "मला रविवारी जमणार" इतकंच ऐकू आलं तर पलीकडे स्वयंपाकाची तयारी सुरू! ऑडिओ सेटिंगमधलं 'बॅकग्राउंड नॉइज सप्रेशन' 'हाय'वर ठेवलं की पंखा आणि मिक्सर गप्प होतात, पण वाक्याची अशी हलकी शेपटंही गिळली जाण्याचा धोका वाढतो. खोली शांत असेल तर 'लो' पुरतं. गाण्याच्या शिकवणीला 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हवंच, नाहीतर तंबोऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून पुसला जातो.

दुसरं दुखणं उशिराचं. दहा भाषांच्या 2009 सालच्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे पापणी लवण्याइतकं. आवाज पोचायला एका दिशेने 300 मिलिसेकंद लागले तर जाऊन-येऊन 600 होतात. "पुढच्या आठवड्यात मुलीला बघायला येता का?" यानंतरची तेवढी शांतता नेटवर्कची असते, पण ती नाराजी म्हणून वाचली जाते. सेटिंगमधल्या 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'लेटन्सी', म्हणजे हाच उशीर, मिलिसेकंदांत दिसते. 150 च्या आत असेल तर बोलणं सहज चालतं. वर गेली तर राउटरजवळ बसा किंवा लॅनची वायर लावा. त्यानेही भागलं नाही तर एचडी व्हिडिओ बंद करा.

नजरेच्या बाबतीत दोष निम्मा आपला. लॅपटॉप टेबलावर ठेवला की कॅमेरा हनुवटीखालून बघतो आणि साधा माणूसही तोऱ्यात बसल्यासारखा दिसतो. खाली चार जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. 60 सेंटिमीटर अंतरावर बसा, म्हणजे छाती आणि हात चौकटीत येतात. हात दिसायला हवेत, कारण "इतकं मोठं" किंवा "राहू दे हो" हे आपण निम्मं हातांनीच बोलतो. झूमची खिडकी लहान करून समोरच्याचा चेहरा कॅमेऱ्याच्या थेट खाली, 5 सेंटिमीटरच्या आत सरकवा. नजर जराशी खाली असलेली खटकत नाही, बाजूला गेलेली लगेच कळते. आभासी पार्श्वभूमी मात्र टाळाच. हलता हात तिच्यात मनगटापासून गायब होतो.

स्वतःचा चेहरा सतत समोर असणं हा वेगळाच जाच. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यांत हे एक होतं. आपल्या चौकटीवरच्या तीन टिंबांतून 'हाइड सेल्फ व्ह्यू' निवडा. इतरांना तुम्ही दिसतच राहता, फक्त केस सारखे करणं थांबतं.

मोबाइलवर हे सगळं आक्रसतं. फोन हातात धरला की एक हात अडकतो आणि चित्र डोलत राहतं. फोन आडवा करून स्टँडवर ठेवा.

मोफत खात्यावर 100 माणसं मावतात, वेळ 40 मिनिटं. बैठकीला पुरे, नातेवाइकांना अपुरा. आपल्याकडे "चला, ठेवू का मग?" म्हटल्यावर खरं बोलणं सुरू होतं, दारात चपला घालून उभं राहिल्यावर होतं तसं. म्हणून "ठेवू का"ची सुरुवात तिसाव्या मिनिटालाच करावी.