सोलापूरचे पाणी आणि ऊलाँग चहा: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरपासून मी आठवड्यातून चार-पाच सकाळी ऊलाँग चहा घेतो आहे. या दहा महिन्यांत सात प्रकार मिळून सातशे ग्रॅमच्या आसपास पत्ती संपली, ५० ग्रॅमच्या पुडीला सहाशेपासून अठराशे रुपयांपर्यंत किंमत मोजली, दोन पुड्या जवळजवळ वाया गेल्या, आणि एक प्रकार घरात असा रुळला की तो संपत आला की आप्पाच आठवण करून देतात. नवी पेठेत दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिले, पण मिळाला नाही. त्यामुळे सगळी खरेदी ऑनलाइन झाली आणि वास घेऊन, पत्ती पाहून घेण्याची सोय राहिली नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: आमच्या पाण्यात आणि उन्हात भाजलेला ऊलाँग तग धरतो, हिरव्या धाटणीचा फार जपावा लागतो, आणि महाग पुडी मागवण्याआधी आपल्या घरच्या पाण्याकडे एकदा पाहावे.

आपला रोजचा दाणेदार चहा आणि हिरवा चहा ही दोन टोके धरली, तर ऊलाँग त्यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. खुडलेली पाने कोमेजू देतात, मग बांबूच्या सुपांत पुन:पुन्हा हलवून त्यांच्या कडा दुखावतात. दुखावलेल्या भागाला हवा लागून तो लालसर होऊ लागतो आणि हवा तेवढा बदल झाला की पाने तापवून ती क्रिया, म्हणजे ऑक्सिडेशन, थांबवतात. कोणी ती दहा-पंधरा टक्क्यांवर थांबवतो, कोणी सत्तरच्या पुढे नेतो, आणि त्यानंतर भाजणे कमी-जास्त असते ते वेगळेच. एकाच नावाखाली इतके निरनिराळे चहा का येतात, याचा उलगडा मला इथे झाला. पहिल्यांदा भिजून उलगडलेले पान मी बशीत पसरून पाहिले, तेव्हा हरभऱ्याएवढ्या गोळीतून देठासकट तीन पाने निघाली होती आणि प्रत्येक पानाला हिरव्या लुगड्याचा लाल काठ असावा तशी बारीक तांबूस किनार होती.

आता पाणी. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि मधल्या दिवसांत इमारतीच्या बोअरवर भागवावे लागते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे छोटे यंत्र आणून पाहिले, तर बोअरचे पाणी ९०० च्या वर, नळाचे ४०० च्या जवळ आणि आरओचे ४० निघाले. बोअरच्या पाण्यात केलेला पहिला चहा काळपट झाला, वर पातळ तवंग धरला आणि सुगंध कुठेच जाणवला नाही; मी मात्र त्यासाठी विक्रेत्याला मनातल्या मनात दोष देत होतो. नुसत्या आरओच्या पाण्यात उलट अडचण आली, म्हणजे वास चांगला पण तोंडात चहा पोकळ वाटायचा. शेवटी पाच भाग आरओ आणि एक भाग नळाचे पाणी, म्हणजे टीडीएस १०० च्या आसपास, हे प्रमाण बसले आणि तेच आजतागायत चालू आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५७ मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी १०० नव्हे, तर साधारण ९८.५ अंशांलाच उकळते. त्यामुळे भाजलेल्या पत्तीसाठी पाणी निवण्याची वाट पाहू नये, खळखळते पाणीच ओतावे. हिरव्या धाटणीच्या पत्तीसाठी मी दीड-दोन मिनिटे थांबतो.

भांडे म्हणून ११० मिलिलिटरचा गायवान, म्हणजे झाकण आणि बशी असलेला चिनी वाडगा वापरतो. चार ते पाच ग्रॅम पत्ती, पहिला हात, म्हणजे पत्तीवर पाणी ओतून चहा काढण्याची पहिली खेप, वीस-पंचवीस सेकंदांचा आणि पुढे त्याच पत्तीवर प्रत्येक वेळी थोडा वाढवत पाच-सहा हात, अशी माझी पद्धत आहे. पहिला आठवडा बोटे पोळली. काठोकाठ पाणी भरू नये, एवढे कळल्यावर तो त्रास संपला.

सुरुवात केली ती टिएग्वानयिनने. चीनच्या फूज्यान प्रांतातील आनशी भागाचा हा चहा भाजलेल्या आणि न भाजलेल्या, अशा दोन्ही रूपांत मिळतो. मी घेतला तो आजकाल जास्त दिसणारा, कमी ऑक्सिडेशनचा, हिरवागार. थंडीच्या दिवसांत पुडी फोडली तेव्हा खोलीभर फुलांचा वास पसरला आणि मी खूश झालो, पण जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकेपर्यंत तोच चहा उकडलेल्या पालेभाजीसारखा लागू लागला. चूक माझीच होती. पुडी फोडल्यावर स्वयंपाकघरात गॅसजवळच्या फळीवर साध्या डब्यात ठेवली होती. तैवानच्या आलिशानच्या डोंगरातला, हजार मीटरच्या वर पिकणारा ऊलाँग मागवला तेव्हा मी शहाणा झालो होतो. तो हवाबंद पाकिटात फ्रिजमध्ये ठेवला आणि दर वेळी पाकीट पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडले, कारण थंड पत्तीवर दमट हवेतील पाणी बसते. त्याची चव लोण्यासारखी मऊ आहे आणि घोट गिळल्यानंतर घशाशी गोडी येते. मे महिन्यात पारा ४० च्या पुढे गेल्यावर गरम काही नकोसे झाले, तेव्हा हाच चहा पाच ग्रॅम पत्ती आणि एक लिटर पाणी असा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी गाळून प्यालो. उन्हाळ्यात ऊलाँगचा याहून चांगला उपयोग मला सापडला नाही.

आता ज्या प्रकाराविषयी हे सगळे लिहायला बसलो, तो डाँग डिंग. तैवानच्या नान्तोऊ जिल्ह्यातील लुगू परिसराचा हा चहा मध्यम ऑक्सिडेशनचा आणि पारंपरिक पद्धतीने भाजलेला असतो. पहिला हात वाडग्यात ओतून झाकण उचलले आणि आप्पांच्या नाकाशी धरले. कोरा चहा म्हणजे आजारी माणसाचे काम, असे मानणारे आप्पा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘अरे, हा तर आगटीचा वास आहे.’’ हुरड्याच्या दिवसांत शेतात गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसे भाजतात, तेव्हा हिरवा दाणा आणि धग यांचा जो एकत्र वास येतो, तो त्यांना त्यात सापडला आणि त्यानंतर मलाही दुसरे काही आठवेना. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला भाजलेल्या शेंगदाण्यांचा खरपूसपणा पुढे येतो, चौथ्यापासून गुळाच्या पाकासारखी हलकी गोडी राहते आणि चुकून दोन मिनिटे विसरलात तरी तो कडू होऊन अंगावर येत नाही. साध्या घट्ट झाकणाच्या डब्यात त्याने एप्रिल आणि मे काढले, तरी चवीत जाणवण्याजोगा फरक पडला नाही. शंभर टक्के नळाच्या पाण्यातही तो पिण्याजोगा होतो, आणि हे मी दुसऱ्या कोणत्याही प्रकाराबद्दल म्हणणार नाही.

फूज्यानमधल्याच वूई पर्वताचा दा हाँग पाओ याहून पुढच्या पायरीचा, लांबट, काळसर, वळलेल्या पत्तीचा आणि कोळशाच्या धगीवर भाजलेला चहा आहे. माझ्या पुडीत पहिल्या आठवड्यात धूर आणि करपटपणा इतका होता की ती परत करायचा विचार केला. महिनाभर तशीच ठेवली आणि मग धग निवली, आत मनुकांसारखी गडद चव आणि दगडावर पाऊस पडल्यावर येतो तसा कोरडा, खनिज भास उरला. कड्यावरच्या मूळ झाडांची खुडणी २००६ पासून बंद आहे, तेव्हा ‘मूळ झाडाचा’ असे छापून जादा पैसे मागणाऱ्याकडून तो घेऊ नये. बाजारात येतो तो त्या झाडांच्या कलमांचा किंवा वूईच्या निरनिराळ्या वाणांच्या मिश्रणाचा असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

क्वांगतुंग प्रांतातील फीनिक्स डोंगरावरच्या, दान त्सोंग नावाच्या ऊलाँगांपैकी मध-ऑर्किडच्या सुगंधाचा ‘मी लान श्यांग’ मी घेतला. पिकल्या आंब्याची साल सोलताना हाताला जो वास लागतो, तो या चहात कोणताही सुगंध न मिसळता येतो, यावर सुरुवातीला माझा विश्वासच बसला नाही. पण हा चहा लक्ष मागतो. आठ-दहा सेकंदांत ओतला तर अमृत, फोन घ्यायला उठलात तर कडुनिंब. कारखान्यात हिशेबाच्या गडबडीत दोनदा तसे झाल्यावर मी तो रविवारसाठी राखून ठेवला.

तैवानचाच ओरिएंटल ब्यूटी आमच्या शेतकरी मेहुण्यांना समजावून सांगताना मोठी गंमत झाली. कपाशीवरचे तुडतुडे मारण्यासाठी ते हंगामात किती फवारण्या करतात ते मला माहीत आहे. आणि या चहाच्या मळ्यात मात्र तुडतुड्यांनी कोवळी पाने चावावीत म्हणून कीटकनाशक टाळतात, कारण चावलेले पान बचावासाठी जी द्रव्ये तयार करते त्यांतूनच याचा मधासारखा सुगंध येतो. चव सुंदर, तुरटपणा जवळजवळ नाही. पण अठराशेची पुडी हीच होती आणि वर्षातून एकदाच परवडेल.

वाया गेलेली दुसरी पुडी ‘मिल्क ऊलाँग’ची. तैवानमध्ये १९८१ साली आलेल्या जिन श्वान या वाणाला मुळातच सौम्य दुधाळ गंध असतो. मला मात्र एका ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेल्या पत्तीला डबाबंद गोड दुधाचा भडक वास होता, तिसऱ्या हाताला तो धुऊन गेला आणि खाली फिके पाणी राहिले. पुडीवरील बारीक अक्षरांत सुगंध मिसळल्याचे लिहिले होते, ते मी नंतर वाचले. तक्रारीला उत्तर आले नाही.

दूध घालून पाहिले का, असे ओळखीचे बरेच जण विचारतात. दा हाँग पाओमध्ये एकदा पाहिले; चहा बिघडला आणि दूधही. दूध-साखरेचा चहा हवा असेल तर आपली रोजची पत्ती उकळावी, घरात अजूनही दुपारी चारला तीच उकळते. खर्चाचे म्हणाल तर सकाळी ऐंशी-नव्वद रुपयांची पत्ती लागते, पण त्यात आप्पांचे आणि माझे मिळून दहा-बारा छोटे पेले होतात.

सध्या फ्रिजमध्ये आलिशानची अर्धी पुडी आहे, दान त्सोंगचे चार रविवार शिल्लक आहेत आणि डाँग डिंगचा डबा परवा तळाला लागला. दिवाळीपर्यंत पुरेल म्हणून या वेळी तो दीडशे ग्रॅम मागवला आहे.