सोलवटलेल्या चेहऱ्यावर काय लावावं: जेली की सिरॅमाइड क्रीम?

स्क्रब किंवा पीलिंगचं सीरम जास्त झालं की चेहराच सांगतो. साधं पाणी लागलं तरी चुणचुणतं, कालपर्यंत सोसणारी क्रीम झोंबते, कपाळ ताणल्यासारखं वाटतं आणि तेल नसताना मेणासारखं चकाकतं. पापुद्रे सुटले म्हणून आणखी घासायचं नाही. ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल असली तीव्र द्रव्यं असलेलं सगळं कपाटात. लावायचं काय, एवढाच प्रश्न उरतो.

पेट्रोलियम जेलीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. १८७२ सालचं पेटंट असलेली वस्तू, पण त्वचेतलं पाणी उडू न देण्यात आजही तिचा हात धरणारं फारसं कुणी नाही. सहसा झोंबत नाही, स्वस्त आहे, बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत कुठेही मिळते. सिरॅमाइड क्रीम तिच्या कितीतरी पट महाग. मात्र त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांत वजनाने जवळपास निम्मे सिरॅमाइडच असतात, म्हणजे घासून गेलेलंच काहीसं परत मिळतं. जेली नुसतं झाकण घालते.

तरी माझं मत फिरलं ते धुळीमुळे. सकाळी जेली लावून स्कूटरवर निघालो की बेळगावात टिळकवाडीतून कॅम्पात पोचेपर्यंत गालांवर धुळीचा थर. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला चिकटायचा तो वेगळाच. बरं, संध्याकाळी ते चिकट काढायला नुसतं पाणी पुरत नाही. फेसवॉश आला, चोळणं आलं, म्हणजे जे बंद करायचं तेच पुन्हा सुरू. क्रीम मुरते आणि कोमट पाण्याने भागतं. तिच्यावर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीनही नीट बसतं, आणि या दिवसांत ऊन सोसत नाही.

घरात बसून काम करणाऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही कदाचित. त्याने जेलीचेच पैसे मोजावेत. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत रात्री क्रीमवर जेलीचा पातळ हात फिरवला तर उत्तमच. खानापूरच्या पावसाळी दमट हवेत मला तो नकोसा झाला. (घरची मंडळी खोबरेल सुचवतातच. मुरुमं येणाऱ्याने नम्रपणे नको म्हणावं.)

क्रीम घेताना बिनवासाची घ्या, सुगंधही झोंबतो. काही आठवडे लागतात, मध्येच 'बरं वाटतंय' म्हणून सीरमची बाटली काढू नका. पाणी सुटलं, पिवळी खपली धरली किंवा सूज आली तर दोन्ही बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.