घोडबंदर की नवी मुंबई: घर घेताना पाणी, पूर आणि वादळाचा हिशेब

ठाण्यात घोडबंदर रोडला घर घ्यायचं की खाडीपलीकडे नवी मुंबईत, यावर सध्या अनेक घरांत खल चालू आहे. बोलणं बहुतेक वेळा मेट्रो, विमानतळ आणि चौरस फुटाचा दर इथेच थांबतं. पण गृहकर्ज वीस वर्षांचं असतं, आणि या वीस वर्षांत पाऊस आजोबांच्या वेळचा राहणार नाही. आताच तो पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो आणि मग चार तासांत धो-धो कोसळतो. म्हणून दोन्ही पर्याय फक्त पाणी, पूर, वादळ आणि बाजार या बाजूंनी तपासून पाहू.

माझं मत आधीच सांगतो. नळाच्या पाण्यात नवी मुंबई महापालिकेची हद्द सरस आहे, जमिनीच्या उंचीत घोडबंदर. दोन्हींत मी पाण्याला जास्त वजन देतो, कारण पूर वर्षातून तीन-चार दिवस येतो आणि टंचाई उन्हाळाभर रोज सकाळी दार ठोठावते. अट एकच: जागा भरतीच्या पातळीखालची नसावी.

नळाला येणारं पाणी कुठून येतं

नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं स्वतःचं धरण आहे: खालापूर तालुक्यातलं, धावरी नदीवरचं मोरबे. ८८ मीटरची पातळी गाठली की ते भरून वाहतं, आणि ती बातमी आली की शहर निर्धास्त होतं. भरलं नाही त्या वर्षी कपात होते, पण ती किती करायची हे महापालिकाच ठरवते. दिघा-ऐरोली पट्ट्यात एमआयडीसीचंही पाणी येतं, त्यामुळे तिथे घर बघत असाल तर ही चौकशी वेगळी करा.

ठाण्याचं तसं नाही. शहराला स्वतःचं धरण नाही. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवरून पाणी उचलते. उरलेलं पाणी स्टेम प्राधिकरण (ठाणे परिसरातल्या शहरांना पाणी पुरवणारी संस्था), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून घ्यावं लागतं. म्हणजे एका शहराला चार दाते, आणि त्यांपैकी कुणाचीही जलवाहिनी फुटली किंवा दुरुस्तीचा शटडाऊन आला की ठाण्याच्या कुठल्या तरी भागात नळ कोरडा. घोडबंदर या वितरणाच्या शेपटाला आहे. तिथली बांधकामं पाण्याच्या किती पुढे धावली, हे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पाणीटंचाईच्या कारणावरून तिथल्या नव्या इमारतींच्या परवानग्यांवर काही काळ बंदी आली. मुरबाडचं काळू आणि शहापूरचं शाई ही धरणं वर्षानुवर्षं कागदावर आहेत. ज्या आदिवासी पाड्यांची जमीन त्यात बुडणार आहे, त्यांचा विरोध मला रास्त वाटतो. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्याच गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा पुढेमागे नवं धरण होईल या भरवशावर आज फ्लॅट घेऊ नका.

इथे एक गल्लत नेहमी होते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे हा पट्टा जाहिरातीत नवी मुंबई म्हणून विकला जातो, पण तो नवी मुंबई महापालिकेत नाही. उलवे सोडलं तर यातला बहुतेक भाग २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत येतो. पाणी मुख्यतः सिडको (हेटवणे धरणातून), महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून येतं. एजंट ‘मोरबेचं पाणी’ म्हणाला, तर पाण्याचं बिल कोणाच्या नावाने येतं ते बघायला मागा.

पाऊस साठवता येतो का

इथे घोडबंदरची बाजू वर येते. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. इमारतीची गच्ची १,००० चौरस मीटरची धरली आणि वीस टक्के पाणी वाया गेलं असं मानलं, तरी २० लाख लिटर हाती लागतं. शंभर घरांच्या सोसायटीत, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरल्यास दिवसाला ५४,००० लिटर लागतात. म्हणजे गच्चीवरचं पाणी जेमतेम सदतीस दिवस पुरेल, आणि तेही पावसाळ्यातच येतं. त्यामुळे ते टाकीत साठवण्यापेक्षा जमिनीत मुरवणं शहाणपणाचं. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला जिथे खडकाला भेगा आहेत तिथे बोअरवेलचं पुनर्भरण होतं, आणि फ्लशिंग व बागेचं पाणी त्यातून निघू शकतं. खाडीकाठच्या भराव जमिनीत हे जमत नाही. तिथलं भूजल उथळ आणि मचूळ असतं. तिथे पावसाचं पाणी वापरायचं तर टाकी बांधूनच.

पूर: भरती आणि डोंगर

नवी मुंबईचा मोठा भाग खाजण आणि मिठागरांच्या जमिनीवर भराव टाकून वसवला आहे. सिडकोने त्यासाठी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की बाहेर जातं. योजना उत्तम होती. पण आता अनेक तलावांत गाळ साचला आहे आणि त्यात खारफुटी वाढली आहे. खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढायचा तर परवानग्यांची लांब वाट. खारफुटी तोडा असं मी म्हणणार नाही, वादळी लाटांपुढे पहिली तीच उभी राहते. पण साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की सखल सेक्टरांत पाणी थांबतं, हे गृहीत धरून चला. कळंबोली तर भरतीच्या पातळीखाली वसलेली आहे. सीबीडी बेलापूरचे काही सेक्टर पारसिक डोंगराला लागून असूनही सखल आहेत. उलव्याच्या बाजूला विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला आहे, त्यामुळे तिथल्या जुन्या अनुभवावर विसंबता येत नाही.

घोडबंदरला भरतीची भीती मुख्य रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूपुरती आहे. डोंगराकडच्या बाजूला वेगळी काळजी: येऊरहून उतरणारे नाले आणि उतार कापून काढलेल्या इमारती. १९ जुलै २०२१ रोजी ठाण्यातल्याच कळव्याच्या घोलाईनगरमध्ये दरड कोसळून पाच माणसं गेली. इमारतीमागे उभा कापलेला कडा आणि त्याला फक्त सिमेंटचा मुलामा दिसला, तर तो फ्लॅट कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

जागेची उंची कळायला माझा भरवसा गावठाणावर आहे. आगरी-कोळ्यांची जुनी घरं बहुधा उंचवट्यावर आहेत, कारण खाली भातखाचरं आणि मिठागरं होती. जवळच्या गावात जाऊन एखाद्या आजींना विचारा, तुमच्या सेक्टरच्या जागी पूर्वी काय होतं. ‘तिथं मिठागर होतं’ असं उत्तर आलं तर पहिला मजला आणि तळघरातलं पार्किंग दोन्ही टाळा.

वादळाच्या बाबतीत दोन्हीकडे फारसा फरक नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडे वळलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, आणि दोन्ही वेळा वीज हाच दुखरा भाग होता. वीज गेली की पंप थांबतो आणि पंप थांबला की विसाव्या मजल्यावर पाणी नाही. त्याचं मोठं रूप १८ जुलै २०२१ ला दिसलं: मुंबईचं भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्रच पावसाच्या पाण्यात गेलं आणि धो-धो पावसात नळ बंद पडले. म्हणून मीटर रूम जमिनीपासून किती वर आहे, भूमिगत टाकीचं झाकण पुराच्या पाण्यात बुडेल का आणि जनरेटरवर लिफ्टबरोबर पाण्याचा पंपही चालतो का, हे स्वतः खाली उतरून बघा.

बाजाराचा मुद्दा निर्णयात फार धरू नका. नवी मुंबईला वाशीचं एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजार, जवळ असला तरी भाजी येते नाशिक, जुन्नर, साताऱ्याहून, म्हणजे कसारा, माळशेज किंवा खंडाळ्याचा घाट उतरूनच. घाट बंद पडला तर ठाण्याच्या जांभळी नाक्यावरची मेथी आणि नेरूळमधली मेथी एकाच दिवशी महागते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं, तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांवर दुधाची ओढाताण झाली.

तर घरात म्हातारी माणसं असतील आणि दोघंही नोकरीला जात असाल, तर महापालिका हद्दीतलं नेरूळ किंवा सानपाडा, उंच सेक्टरमध्ये आणि दुसऱ्या मजल्याच्या वर. मुलुंड-ठाण्याकडची नोकरी सोडवत नसेल तर घोडबंदर घ्या, पण आधी सोसायटीच्या हिशेबपत्रकात एप्रिल-मेचा टँकरचा खर्च किती आहे ते बघा. तो दरमहा मेंटेनन्समध्ये धरूनच परवडतं का ते ठरवा. आणि घाई नसेल तर त्याच इमारतीत आधी भाड्याने राहा. करार मार्चमध्ये सुरू करा, म्हणजे मे महिन्याचा नळ आणि जुलैची भरती, दोन्ही टोकन देण्याआधीच बघून होतील.