होप की टेलर्सव्हिल? कोलंबसबाहेर घर बघणाऱ्यांसाठी

पुण्याहून कमिन्स या इंजिन कंपनीच्या कामावर इंडियानातल्या कोलंबसला आलं की बहुतेक जण आधी शहरातच अपार्टमेंट घेतात. मग मुलांना अंगण हवं, घरामागे थोडी भाजी लावावी असं वाटायला लागतं आणि बार्थोलोम्यू काउंटीतल्या लहान गावांची चौकशी सुरू होते. हार्ट्सव्हिल, जोन्सव्हिल छान आहेत, पण फारच छोटी. शेवटी प्रश्न उरतो टेलर्सव्हिल की होप एवढाच. मी आधी टेलर्सव्हिलला भाड्याने राहिलो, आता होपला आहे.

सोयीच्या बाबतीत टेलर्सव्हिल पुढे, यात वाद नाही. आय-६५ महामार्गाचा ७६ नंबरचा एक्झिट जवळच, त्यामुळे किराणा, देऊळ, विमानतळ यांसाठी इंडियानापोलिस गाठणं सोपं. एडिनबर्गचं आउटलेट मॉल शेजारीच. शाळाही कोलंबसच्याच शाळा-जिल्ह्यात, म्हणजे वर्गात आपली चार मुलं असण्याची शक्यता जास्त. ज्यांची मुलं हायस्कूलच्या वयाची आहेत त्यांनी या एका मुद्द्याला भरपूर वजन द्यावं.

मला मात्र तिथे रात्री मालगाडीने टिकू दिलं नाही. लुइव्हिल-इंडियानापोलिस मार्ग गावातूनच जातो. अमेरिकेत रस्त्यावरच्या फाटकाआधी १५ ते २० सेकंद भोंगा वाजवणं नियमाने बंधनकारक आहे: दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. ड्रायव्हरचा यात काहीच दोष नाही, सुरक्षेसाठीच आहे ते. पण आमचं घर रुळांच्या जवळ होतं आणि धाकटी त्या वेळी तान्ही होती. रात्री दोनला तिला झोपवून पाठ टेकावी, तोच भोंगा. सुरुवातीला वाटलं सवय होईल. शेजारच्या आजोबांना खरंच झालेली होती, ते म्हणत, आम्हाला आता ऐकूच येत नाही. मला शेवटपर्यंत ऐकू येत राहिला. हिवाळ्यात झाडांची पानं गळाली की आवाज आणखी जवळ आल्यासारखा वाटे. रुळांपासून दूर घर मिळालं तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, हे मान्य.

होपमधून आता रेल्वे जात नाही. स्टेट रोड ९ वरचं हे गाव १८३० मध्ये नॉर्थ कॅरोलिनाहून आलेल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलं आणि मधोमध हिरवळीचा चौक आहे. चौकातलं यलो ट्रेल म्युझियम जरूर बघा: शंभरेक वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने वाटसरूंना गावाकडे वळवायला रस्त्याकडेचे खांब पिवळे रंगवले होते, त्यावरून ते नाव. सप्टेंबरच्या शेवटी हेरिटेज डेज असतात, तेव्हा अख्खं गाव चौकात लोटतं. नव्या माणसाला ओळखी करून घ्यायला याहून चांगली संधी नाही. शिवाय होपला स्वतःची टाउन कौन्सिल आहे. टेलर्सव्हिलला ती नाही, तिथला कारभार थेट काउंटीकडून चालतो. बर्फाचा किंवा रस्त्याचा प्रश्न असला की हा फरक मला जाणवला.

होपच्या अडचणीही सांगतो. ऑफिसला जायला वेळ जास्त लागतो आणि ऑक्टोबरमध्ये मका-सोयाबीनच्या काढणीत दुपदरी रस्त्यावर कंबाइनच्या (कापणी-मळणी यंत्राच्या) मागे सावकाश जावं लागतं. नोव्हेंबरात तिन्हीसांजेला हरणं आडवी येतात, गाडी जपून चालवा. शाळा-जिल्हा वेगळा आणि छोटा. आमच्या मुलीला तो मानवला, कारण शिक्षक तिला आणि आम्हालाही नावाने ओळखतात. मराठी बोलायला मात्र शनिवार-रविवारी कोलंबसला जावं लागतं.

आठवड्यातून दोन-तीनदा विमानतळ गाठावा लागत असेल तर टेलर्सव्हिलच घ्या, फक्त करार करण्याआधी रात्री उशिरा त्या गल्लीत गाडी लावून तासभर बसा. झोप सावध असेल आणि मुलं लहान असतील, तर आधी होपची घरं बघा.