काडतुसं कुठं ठेवावी: चामडी पट्ट्यात की हवाबंद डब्यात?
रानडुकरांपायी शेतसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेतलेल्या आपल्याकडच्या घरांत काडतुसं बहुधा चामडी पट्ट्यातच वर्षानुवर्षं खोचलेली असतात. हाताशी राहतात, एवढाच फायदा. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि पावसाळी दमट हवा यांनी पितळ हिरवं पडतं; बुडाशी चिकट थर साचतो, नखानं खरवडला की निघतो. त्यापेक्षा रबरी कडेचा घट्ट डबा बरा. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कपाटाला कुलूप लावा.

पण डबा टिनाच्या छपराखाली मुळीच नको! चंद्रपूर-अकोल्याकडं पारा ४५ अंशांवर जातो आणि काडतुसातली नायट्रोसेल्युलोजची (बिनधुराची) दारू उष्णतेनं लवकर नासते. हातानं भरलेल्या काडतुसांना बहुधा ओल अडवणारं सीलही नसतं, त्यांना तर डबाच हवा. आंबूस वास किंवा तांबूस धूळ आढळली, तर बार काढू नका, ठाण्यात कळवा.